ऋजुयंत्राची पूजा

"हा पुरेसा वाकडा नाही," रिसबूडसाहेब म्हणाले.

ट्रान्झिस्टर त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला होता आणि सराफानं खड्याकडे बघावं तसे एक डोळा मिटून त्याच्या तीन पायांकडे बघत होते.

"साहेब, सकाळी तुम्हीच म्हणालात, फार वाकवू नका," मी म्हटलं.

"फार नको म्हणालो. पण पुरेसा हवा ना? आणि तिन्ही पाय एकाच बाजूला. डावीकडे. सगळ्यांचे डावीकडे. अहो खैरनारबाई, वाकडं करायलासुद्धा शिस्त लागते!"

त्यांनी तो माझ्या ताटलीत परत टाकला आणि पुढच्या ताटलीतले तपासायला गेले. माझ्या शेजारी बसलेल्या सरूबाई आहेर मान खाली घालून हसत होत्या. साहेब दाराबाहेर गेल्यावर त्यांनी डोळे पुसले.

"यमुने, माझ्या सासूनं सगळं आयुष्य मला वाकडी म्हणून घालवलं," त्या म्हणाल्या. "ती आज इथं पाह्यजे होती. पुरेशी वाकडी नाही म्हणू राह्यले मला!"

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली ही गोष्ट. घरोघरी नुकते रंगीत टीव्ही येत होते आणि प्रत्येक टीव्हीखाली एक स्टॅबिलायझर घरघरत असायचा, तेव्हाची. ते स्टॅबिलायझर बनवणाऱ्या रिसबूडसाहेबांच्या कारखान्यात सरूबाई, फातिमा, अलका आणि मी अशा चौघी एका टेबलावर बसायचो. आमचं काम, पाय सरळ करायचं. साहेब सुटे भाग दिल्लीच्या बाजारातून स्वस्तात उचलायचे आणि ते पोत्यात कोंबून यायचे. पोतं उघडलं की ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर सगळे एकमेकांच्या तंगड्यांत तंगड्या अडकवून बसलेले. तारेचे ते बारीक पाय सरळ झाल्याशिवाय बोर्डाच्या भोकात जात नाहीत. म्हणून एकेक उचलायचा, चिमट्यात धरायचा, हलक्या हातानं ओढायचा, ताटलीत ठेवायचा आणि पुढचा उचलायचा. चार वेळा इकडंतिकडं वाकवला तर पाय तुटतो, एवढंच काय ते शास्त्र.

मग साहेबांना शोध लागला. त्यांना दर पावसाळ्यात काहीतरी शोध लागायचा, पण हा मोठा होता. दोन पोलादी फण्या, मध्ये फट, खाली मोटार. फटीत ट्रान्झिस्टर उभा करायचा, बटण दाबायचं, फण्या मिटायच्या आणि पाय विंचरून सरळ व्हायचे. साहेबांना संस्कृतचा नाद. त्यांनी यंत्राचं नाव ठेवलं ऋजुयंत्र, ऋजु म्हणजे सरळ, आणि पितळेच्या पट्टीवर ते कोरून घेतलं. आम्हाला ते नाव उच्चारता यायला आठवडा गेला. फातिमा शेवटपर्यंत त्याला 'रुजूबाई' म्हणायची.

ऋजुयंत्राची अडचण एकच होती. त्याला वाकडे पाय चालत नसत.

म्हणजे खरेखुरे वाकडे. पोत्यातून येणारा पाय कसाही वाकलेला असतो, पिळलेला असतो, दुसऱ्या पायाला वेटोळं घालून बसलेला असतो. तसला फटीत गेला की फण्या करकरायच्या, पाय तुटायचा आणि तुकडा आत अडकायचा. मात्र तिन्ही पाय एकाच बाजूला, एकसारखे, बेताचे वाकलेले असले, तर यंत्र ते सुरेख सरळ करायचं. म्हणून साहेबांनी नवी पद्धत बसवली. आम्ही आधी पोत्यातला माल चिमट्यानं सरळ करायचा. मग तोच माल चिमट्यानं नीट वाकडा करायचा. मग यंत्र तो सरळ करणार. यात काही चुकतंय असं साहेबांना एकदाही वाटलं नाही. वाटलं असलं तरी पट्टीवर नाव कोरून झालं होतं.

हे सगळं बक्षिसासाठी चाललं होतं. जिल्ह्यातल्या कारखानदारांच्या एका मंडळानं 'उत्तम संशोधक उद्योजक' म्हणून मानचिन्ह ठेवलं होतं आणि निवड समिती यंत्र बघायला येणार होती. साहेबांनी अर्जात लिहिलं होतं की या यंत्रामुळे चार स्त्रियांचे श्रम वाचले. त्या चार स्त्रिया म्हणजे आम्ही. आमचे श्रम दुप्पट झाले होते, पण अर्जात तशी जागा नसावी.

मला बक्षिसाशी काही देणंघेणं नव्हतं. माझं सगळं लक्ष दसऱ्याकडे होतं, कारण दसऱ्यानंतर आमचा ब्रेक होता. आम्ही चौघीही टेंपरवारी. काही महिने कामावर ठेवायचं, मग ब्रेक म्हणून घरी बसवायचं, मग वाटलं तर नव्यानं घ्यायचं, म्हणजे कोणी कायम होण्याची भीती नाही. हे अंबडमधल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आणि या खेपेला तर यंत्र होतं. चौघींचे श्रम वाचले म्हणून लिहून दिल्यावर साहेब आम्हाला परत कशाला बोलावतील?

ब्रेक झाला की मी गावी जाणार होते आणि गावी गेले की माझं लग्न होणार होतं. सटाण्याच्या भामऱ्यांचं स्थळ. खतांचं दुकान, पाठीमागे गोदाम, आणि पुढे मुलगा. मला बघायला आले तेव्हा सगळं बोलणं मुलाच्या वडिलांनी केलं आणि मुलगा पोह्यांकडे बघत राहिला. मी बारावी झालेली, हाताला काम असलेली, आत्याकडे सिडकोत राहून स्वतःचं भागवणारी मुलगी. मला ते स्थळ नको होतं. आत्ताच नको होतं, आणि तेच तर मुळीच नको होतं.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि तडजोड काढली.

"कायम झाली तर लग्नाचं पुढच्या साली पाहू. ब्रेक लागला तर मुकाट्यानं घरी यायचं. मान्य?"

"मान्य," मी म्हटलं होतं.

समिती कधी यायची तर साहेबांनी मुहूर्त बघून खंडेनवमीचा दिवस सुचवला. यंत्राची पूजा असणार, झेंडूच्या माळा असणार, सगळा कारखाना धुऊनपुसून लख्ख असणार, पाहुण्यांवर छाप पडेल. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं आणि यंत्रं पुजतात. लेथ, ड्रिल, सोल्डरिंगचा डाग द्यायच्या इस्तऱ्या, सगळ्यांना हळदकुंकू.

साहेबांनी सकाळी आम्हाला एकच हुकूम केला. "चिमटे दिसता कामा नयेत. टेबलसुद्धा उचला. पाहुण्यांपुढे चहा-पेढे न्या आणि बाजूला उभ्या राहा."

"चिमट्यांची पूजा?" सरूबाईंनी विचारलं.

"चिमट्यांची कसली पूजा?"

"हत्यार हाये ते आमचं. खंडेनवमीला हत्यार बिनपूजेचं ठेवायचं? साहेब, तुमाला चालंल, मला न्हाई चालणार."

साहेब देवभोळे. वाद घालणं त्यांना जमेना. शेवटी चार चिमटे ऋजुयंत्राच्या पायाशी, झेंडूच्या ढिगाऱ्यात, अर्धे झाकून ठेवले गेले.

पूजा साहेबांनी स्वतःच मांडली. सोवळं नेसून, अथर्वशीर्ष खणखणीत म्हणून. समितीची गाडी आली की लगेच बटण दाबता यावं म्हणून यंत्राचा स्विच त्यांनी आधीच चालू करून ठेवला होता. दुसऱ्या यंत्रांपुढे नारळ फोडले ते जमिनीवरच्या दगडावर. ऋजुयंत्राचा मान मोठा म्हणून साहेबांनी नारळ उचलला आणि यंत्राच्याच पोलादी कडेवर आपटला.

नारळ उत्तम फुटला. पाणी सगळं फटीतून आत गेलं.

आधी फण्या एकदा दात खाल्ल्यासारख्या करकरल्या. मग मोटारीतून फट्ट असा आवाज आला, ठिणगी उडाली, जळक्या वायरीचा वास सुटला, आणि ऋजुयंत्र गप्प झालं. साहेब हातात नारळाची दोन्ही भकलं घेऊन उभे होते. सोवळ्यावर पाणी ठिबकत होतं. त्याच वेळी गेटवर गाडीचा हॉर्न वाजला.

"गेलं," साहेब म्हणाले. "सगळं गेलं. अहो, ते आले! आता काय दाखवू मी त्यांना?"

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. माझ्या डोळ्यांपुढे दसरा, ब्रेक, आणि पोह्यांकडे बघणारा भामऱ्यांचा मुलगा. माझ्या तोंडून आपसूकच निघून गेलं.

"साहेब, मी निभावून नेते. आमच्या ब्रेकचं काय?"

"ब्रेक? आत्ता ब्रेकचं काय काढलंत?"

"नंतर तुम्ही भेटणार नाही म्हणून आत्ता विचारते."

"नाही लावणार ब्रेक. झालं?"

"तेवढ्यानं नाही झालं. कायम करा. चौघींना."

हॉर्न पुन्हा वाजला. साहेबांनी दाराकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. "बरं, बरं! कायम!"

"पूजेवर हात ठेवून बोला साहेब," सरूबाई म्हणाल्या. त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मलाच दचकायला झालं. साहेबांनी ऋजुयंत्राच्या डोक्यावरच्या कुंकवावर हात ठेवला आणि चौघींना कायम केलं. पूजेपुढे दिलेला शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं.

समितीत तिघे होते. पुढे अध्यक्ष, वयस्कर, पांढरी टोपी घातलेले आणि दारातच चपला काढून आलेले. मागे एक लठ्ठ गृहस्थ, जे पेढ्यांपलीकडे कशातच पडले नाहीत. आणि एक तरुण इंजिनिअर, चष्मा लावलेला, ज्याच्याकडे बघूनच कळत होतं की हा त्रास देणार.

"छान दिसतंय," इंजिनिअर म्हणाला. "चालवून दाखवा."

साहेब सोवळ्याचं पाणी पिळायला लागले. मी पेढ्यांचं ताट घेऊन पुढे झाले.

"साहेब, पूजा झाली," मी म्हटलं. "आज खंडेनवमी. पूजा झाल्यावर यंत्राला हात लावत नाहीत. उद्या दसऱ्याला नमस्कार करून मगच चालू."

"एक मिनिटभर फक्त. बघायलाच तर आलोय आम्ही!"

अध्यक्ष एक पाऊल मागे सरले होते. त्यांनी यंत्राला हात जोडले. "अहो, काय बोलता? माझ्या कारखान्यात आज कोणी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा उचलत नाही. आणि दुसऱ्याच्या दारात येऊन मी यंत्र चालवायला लावू? काही झालं तर पाप कोणाच्या माथी?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं बाई, आठवण केलीत. कोण तुम्ही इथे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात साहेबांना कंठ फुटला. पाय सरळ करायला आता चार बायका लागत नाहीत असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि चारच बायका समोर उभ्या होत्या.

"सफाईच्या आहेत," ते म्हणाले. "चौघी सफाईच्या."

अध्यक्षांनी पसंतीची मान हलवली. "म्हणूनच इतकं स्वच्छ आहे."

मग साहेबांनी दोन ताटल्या पुढे केल्या. एकीत वाकड्या पायांचे ट्रान्झिस्टर, यंत्रात जाण्याआधीचे. दुसरीत सरळ पायांचे, यंत्रातून आलेले. पहिली ताटली फातिमानं आणि अलकानं वाकवली होती. दुसरी सरूबाईंनी आणि मी आदल्या दिवशी चिमट्यानं सरळ केली होती, कारण यंत्रातून आलेल्यांवर फणीचे ओरखडे पडायचे आणि साहेबांना पाहुण्यांपुढे ओरखडे नको होते. अध्यक्षांनी एक ट्रान्झिस्टर उचलला, तळहातावर ठेवला आणि बोटानं कुरवाळला.

"वा! बघा, बघा," ते इंजिनिअरला म्हणाले. "यंत्राचं काम ते यंत्राचं काम. माणसाच्या हाताला हे जन्मात जमणार नाही."

सरूबाईंना ठसका लागला. त्या पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या त्या समिती जाईपर्यंत आत आल्या नाहीत. इंजिनिअरला फुलांत काहीतरी चमकताना दिसलं.

"हे चिमटे कसले?"

"जुनं तंत्रज्ञान," साहेब गंभीरपणे म्हणाले. "स्मृती म्हणून ठेवलंय."

मानचिन्ह मिळालं. पेपरात फोटो आला, साहेब आणि त्यांच्या शेजारी माळा घातलेलं बंद पडलेलं यंत्र. खाली छापलं होतं की या यंत्रानं चार स्त्रियांची एका कंटाळवाण्या कामातून कायमची सुटका केली. तो पेपर वाचला तेव्हा आम्ही चौघी नवं पोतं सोडून बसलो होतो.

शब्द दिल्याप्रमाणे साहेबांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं आणि कायम केल्याचं सांगितलं. फातिमानं तिथल्या तिथे हात वर करून अल्लाचे आभार मानले. मग साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवायला सुरुवात केली.

"हुद्द्याचं तेवढं... म्हणजे पाय सरळ करणाऱ्या म्हणून आता कशा दाखवू? छापून आलंय. यंत्राची मदतनीस म्हणावं, तर यंत्राला मदत लागत नाही असं मी भाषणात बोललो. समितीपुढे एकदा सफाईच्या म्हणून सांगितलंय. तेच ठेवलंय हजेरीपटावर. काम तेच, पगार ठरल्याप्रमाणे. फक्त नाव."

मला राग आला, आणि तो लपवावा असं मला आजही वाटत नाही. झाडण्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. आमच्या हातचं काम एका बंद पडलेल्या लोखंडाच्या नावावर चढलं होतं आणि त्या लोखंडाची अब्रू राखायला आम्ही आमचं नाव सोडायचं होतं, म्हणून. पण दसरा होऊन गेला होता, ब्रेक लागला नव्हता, आणि मी कायम होते. मी टेबलाशी जाऊन चिमटा उचलला. गेटवरच्या वॉचमनकडे नवी यादी गेली, तोही आम्हाला सफाईच्या म्हणूनच ओळखायला लागला.

दिवाळीला घरी गेले ती अगदी तोऱ्यात. कायम झाले म्हणून सांगितलं. नानांनी गल्लीत साखर वाटली. रात्री जेवताना ते म्हणाले, "भामऱ्यांना कळवलं मी. लई खूश झाले. माघातला मुहूर्त धरू म्हणले."

मी घास ताटात ठेवला. "नाना, कायम झाले तर पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं होतं."

"ठरलं व्हतं, पण आता ते थांबायला तयार न्हाई ना! कायम नोकरीची पोरगी कोण सोडंल? मुलगा नाशकात दुकान टाकू राह्यला. जम बसंपर्यंत तुझ्या पगारावर घर चालंल. सगळ्यांचंच भलं."

म्हणजे ब्रेक लागला असता तर भामरे, आणि कायम झाले तरी भामरेच. फक्त आता मी पगारासकट जाणार होते. मी रडले, भांडले, आईनं दोन्हीकडून समजूत घातली. नानांनी सुपारी कातरली आणि शब्द फिरवला नाही. मला दिलेला तेवढा सोडून.

पुढच्याच महिन्यात एका रविवारी नाना भामऱ्यांना घेऊन सिडकोत आत्याच्या घरी आले. बैठक ठरवायला आलेत असं मला वाटलं. पण मुलाचे वडील, भामरेअण्णा, खुर्चीच्या टोकावर बसले होते आणि नानांचा चेहरा उतरला होता. अण्णांनी आत्यानं दिलेल्या पाण्याला हात लावला नाही.

"मी काल कारखान्यावर गेलो व्हतो," ते म्हणाले. "म्हटलं, सून कुठं काम करती ते पाहून घ्यावं. गेटवर ईचारलं, खैरनार कोण? वॉचमन म्हणे, सफाईवाली का?"

"गैरसमज हाये तो," नाना घाईघाईनं म्हणाले. "मी सांगतो ना, पोरगी इलेक्ट्रॉनिकमध्ये हाये. तारा सरळ करती."

"तीनदा ईचारलं मी. तिन्ही बारी तेच म्हणला. आमच्या घराण्यात झाडूवाली सून? उद्या माझ्या दुकानात लोक काय म्हणतील?"

नाना माझ्याकडे वळले. त्यांनी माझा उजवा हात धरला आणि भामऱ्यांपुढे केला. चिमटा धरून धरून अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला घट्टे पडले होते. "हे पाहा! झाडूनं असले घट्टे पडत्या का? सांग यमुने, यांना सांग. तू पाय सरळ करती का न्हाई?"

एक वाक्य पुरलं असतं. मी हो म्हटलं असतं, चिमटा आणून दाखवला असता, पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला असता. नानांची मान वर झाली असती आणि माघात माझी खाली गेली असती. मी माझा हात हळूच सोडवून घेतला.

"नाना, पाय सरळ करायला मशीन आहे," मी म्हटलं. "पेपरात आलंय. मी झाडते."

भामरेअण्णा उठले. त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. नाना दाराशी उभे राहून जिन्याकडे बघत राहिले. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी पोटातून हसू यायला लागलं, ते दाबायला मला पदर तोंडात धरावा लागला.

मग ते आत येऊन खाली बसले.

"खरं सांग," ते म्हणाले. "झाडती का तू?"

"नाही."

"मंग त्यांना का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही शब्द मोडलात म्हणून."

आता हात उगारतात की काय असं मला वाटलं. त्यांनी फक्त टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि विचार करून विचारलं, "झाडूवालीला पगार तेवढाच देत्या?"

"तेवढाच, नाना."

"मंग टाक चहा," नाना म्हणाले.